घरच्या बाईंनाही वाचायला वेळ हवा

मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, शाळेतल्या बाईंनाही असते. सुट्टी नसते ती घरच्या बाईंना. घरच्या बाई म्हणजे मुलांची आई. शाळा बंद झाली की वस्तीतल्या घराघरात दुसरी शाळा भरते. शिकवणीची फी परवडत नाही. मोठ्याला नवोदयच्या किंवा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं असतं, धाकटीची जोडाक्षरं कच्ची असतात. मग आई पाढे घेते, शुद्धलेखन तपासते, न येणारं गणित आधी स्वतः शिकते आणि नंतर पोराला शिकवते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे एका मोबाइलवर दोन-तीन मुलांचे वर्ग भरू लागले, तेव्हा ही घरची शाळा पुरती आईच्या गळ्यात पडली. शाळा पुन्हा उघडल्या, पण आईची ही बिनपगारी नोकरी काही सुटली नाही.

या घरच्या बाईंसाठी मला एक मागणी करायची आहे आणि ती आरोग्याच्या पानावर मुद्दाम करते आहे. सुट्टीच्या दिवसांत या आईला रोज एक तास स्वतःच्या वाचनासाठी मिळाला पाहिजे. मुलांच्या धड्यांसाठी नव्हे, स्वतःच्या वाचनासाठी. पुस्तक तिच्या आवडीचं असावं. आणि हा तास तिने झोपेतून किंवा जेवणातून चोरायचा नाही, घराने तो तिला द्यायचा.

हा आरोग्याचा प्रश्न कसा?

आपल्या वस्तीतल्या बाईचा दिवस पाहा. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा ती उठते. हंडे भरणं, डबे, धुणं, मग दोन-तीन घरची कामं किंवा कारखान्याची पाळी. परत आल्यावर स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास. शरीराचा थकवा सगळ्यांना दिसतो. डोक्याचा थकवा दिसत नाही. गॅस किती दिवस पुरेल, रेशन कधी येणार, सासूची गोळी संपली का, पोराची परीक्षा फी कधी भरायची, ही यादी तिच्या डोक्यात दिवसभर चालू असते. ती खाली बसली तरी यादी बसत नाही. ‘डोकं भणभणतंय’, ‘छातीत धडधड होते’, ‘झोप लागत नाही’ अशा तक्रारी घेऊन बायका दवाखान्यात जातात. काहींच्या अंगात रक्त कमी असतं, काहींना रक्तदाब असतो, त्याची तपासणी व्हायलाच हवी. पण सगळे रिपोर्ट चांगले येऊनही तक्रार राहते, अशाही पुष्कळ बायका आहेत.

वाचताना मन एका जागी टिकतं. गोष्टीत पुढे काय झालं हे कळण्यासाठी बाकीची यादी थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते. हीच मनाची विश्रांती. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी ती मिळत नाही, कारण एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि रात्रीचा एक वाजतो. डोळ्यांवरचा उजेड आणि मनाची खळबळ दोन्ही झोप लांबवतात. पुस्तकाचं प्रकरण संपतं, पुस्तक मिटता येतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. वाचन हे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर पुस्तक हातात देऊन भागणार नाही. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं, मराठीतही बोलता येतं.

पुस्तकं घरात आहेत, मग अडलं कुठे?

आपल्या समाजाला पुस्तकं विकत घ्यायला शिकवावं लागत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांसमोर जी गर्दी असते, ती पाहून बाहेरचे लोक थक्क होतात. माणसं शिदोरी बांधून येतात आणि वाचलेल्या पैशांची पुस्तकं घेऊन जातात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ नाही असं बौद्ध घर शोधावं लागेल. सरकारने छापलेले ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे’चे खंड पत्र्याच्या घरातही दिसतात.

पण ही पुस्तकं घरात हाताळतं कोण? दर आठवड्याला धूळ पुसायला आईच ती खाली काढते, पुसते आणि परत वर ठेवते. त्यातली किती बायका सातवी, दहावी, बारावी झालेल्या आहेत! लग्नाआधी वाचनालयाची पुस्तकं आणणाऱ्याही आहेत. दहा-पंधरा वर्षं फक्त शाळेचे निरोप आणि वीजबिल वाचल्यावर सलग वाचायची सवय मोडते. एक पान वाचलं की झोप येते, ओळ चुकते, आणि ‘आता मला नाही जमत’ असं ती म्हणू लागते. आपल्या आजी-पणजींना अक्षर मिळू दिलं नव्हतं. आईला ते मिळालं आणि आपल्याच घरात गंजून गेलं, तर त्याचा दोष बाहेरच्या कुणाला देणार?

माता रमाईंनी घराचा सगळा भार उचलला, शेण्या थापल्या, उपास काढले, म्हणून बाबासाहेब परदेशात शिकू शकले, हे आपण प्रत्येक कार्यक्रमात अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवं. पण त्यातून आपण कोणता धडा घेतला? ‘रमाईसारखी हो’ असं सांगून बाईला आणखी राबायला लावायचं, असा नक्कीच नाही. तसे दिवस पुन्हा कोणत्याही बाईच्या वाट्याला येऊ नयेत, असा तो धडा आहे. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. ते माप आज आपल्या स्वयंपाकघराला लावून पाहावं.

‘वेळ नाही’ हे उत्तर पुरेसं नाही

वेळ खरंच कमी आहे, हे मी नाकारत नाही. पण घरात तो सगळ्यांनाच सारखा कमी आहे का? संध्याकाळी नाक्यावर उभं राहायला, कॅरम खेळायला, मॅच बघायला वेळ निघतो. तो निघू नये असंही माझं म्हणणं नाही, कारण राबणाऱ्या पुरुषालाही विसावा लागतो. माझा प्रश्न एवढाच आहे की बाईच्या विसाव्याला जागा का नाही?

हिशोब सोपा आहे. रात्रीची भांडी नवऱ्याने घासली, संध्याकाळचा भात मोठ्या मुलाने किंवा मुलीने लावला आणि पाणी पाळीपाळीने भरलं, तर आईचा एक तास मोकळा होतो. इथे मुलालाही कामाला लावा, फक्त मुलीला नको. नाहीतर आईचं ओझं मुलीच्या डोक्यावर जाईल आणि उद्या तिचं वाचन बंद पडेल. एक तास नाहीच जमला तर अर्धा तास द्या. रोज दहा पानं वाचली तरी महिन्यात ३०० पानांचं पुस्तक पूर्ण होतं.

बेबीताई कांबळे यांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. फलटणला त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रं त्या गल्ल्यावर बसून वाचत. पुढे त्यांनी स्वतःचं आयुष्य लिहिलं, पण कित्येक वर्षं लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवले. ते ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपात आलं आणि आज त्याची भाषांतरं दूरदूर वाचली जातात. आपण त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतो. पण वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या बाईला लपावं का लागलं, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

काही घरांत सासूबाई म्हणतात, ‘पुस्तक घेऊन बसली, आता घर कोण बघणार?’ त्यांच्यावर चिडू नये. त्यांना वाचायलाच मिळालं नाही. त्यांना शेजारी बसवून दोन पानं मोठ्याने वाचून दाखवावीत. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी त्याच विचारतात, पुढे काय झालं म्हणून.

आई वाचताना दिसली की मुलंही वाचतात, असंही सांगितलं जातं. ते बरंचसं खरं आहे. पण मला माझी मागणी त्या आधारावर उभी करायची नाही. मुलांनी पुस्तकाला हात लावला नाही, तरी आईचा तास आईचाच राहिला पाहिजे. तिच्या प्रत्येक सुखाचं कारण मुलांचा फायदाच असावा, हा आग्रह आता सोडू या.

डोळ्यांची अडचण आणि तिचा सोपा उपाय

चाळिशीच्या आसपास जवळचं अक्षर पुसट दिसू लागतं. सुईत दोरा जात नाही, पुस्तक लांब धरावं लागतं, डोकं दुखतं. याला आपण चाळिशी लागली म्हणतो. हा आजार नाही. डोळ्यातलं भिंग वयाने ताठर होतं, म्हणून जवळचं नीट दिसत नाही. डोळ्यांत थेंब घालून किंवा व्यायाम करून ते परत येत नाही. त्याला जवळचा चष्मा लागतो आणि तो फार महाग नसतो. चष्म्याने नंबर वाढतो हा गैरसमज आहे. नंबर वयाप्रमाणे काही वर्षं वाढतच असतो, चष्मा लावला नाही तरी वाढतो.

आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना असे चष्मे देऊन एक अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची गती सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. म्हणजे ‘आता मला वाचवत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बायकांना खरं तर फक्त चष्मा हवा आहे.

चष्मा घेण्याआधी सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्या. नंबर अचानक बदलला असेल तर साखरही तपासा. कमी उजेडात वाचल्याने डोळे कायमचे जात नाहीत, पण ताण पडतो आणि डोकं दुखतं. म्हणून उजेड मागून किंवा बाजूने पुस्तकावर पडेल असं बसा.

उन्हाळ्यात कधी आणि कुठे?

मे महिन्यात दुपारी पत्र्याचं घर भट्टीसारखं तापतं. त्या वेळी घरात बसून वाचण्याचा हट्ट नको. पहाटे पाणी भरून झाल्यावर किंवा संध्याकाळी ओट्यावर बसावं. शेजारी पाण्याचा तांब्या असावा, जमलं तर ताक किंवा पन्हं. गरगरलं, मळमळलं तर पुस्तक बाजूला ठेवून सावलीत आडवं व्हावं, पाणी प्यावं.

इथे वस्तीतल्या विहार समित्यांनी मदत करावी. बऱ्याच विहारांची सभागृहं दुपारी कुलूपबंद असतात. तिथे पंखा असतो, सावली असते, कपाटात पुस्तकं असतात. दुपारी दोन ते चार एवढे दोनच तास ती बायकांच्या वाचनासाठी उघडी ठेवली तर जास्तीचा खर्च काय तो पंख्याच्या विजेचा. मुलांना त्याच वेळी बाहेर एखाद्या कॉलेजच्या पोराने सांभाळावं. जवळ सार्वजनिक वाचनालय असेल तर आईच्या नावाने सभासद व्हावं.

आणि काय वाचावं हे तिला ठरवू द्या. शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’, ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ ही पुस्तकं आपल्याच आया-बहिणींची आहेत. त्यांत तिला ओळखीची माणसं भेटतील. पण तिला रहस्यकथा वाचायची असेल, प्रेमकथा वाचायची असेल, तर तीही वाचू द्या. बाईने वाचलेल्या प्रत्येक पानातून समाजकार्यच झालं पाहिजे असं काही नाही.

२७ मे हा रमाईंचा स्मृतिदिन. तो नेमका सुट्टीत येतो. या वर्षी त्या दिवशी भाषणांसोबत एक साधी गोष्ट करू या. वस्तीतल्या प्रत्येक आईने महिनाभरात वाचलेल्या पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोलावं. अर्धंच वाचून झालं असेल तर अर्ध्याबद्दल बोलावं. त्या दिवशीचा चहा-नाश्ता पुरुषांनी करावा. आणि तिला तिथवर पोहोचता यावं म्हणून आजपासून रात्रीची भांडी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घासायला घ्यावीत.

जय भीम!