अमाल्फीत ‘बघण्यासारखं काही नाही’?



हाफ टर्म जवळ आली की ग्रुपवर इटलीचे प्लॅन सुरू होतात आणि दर वेळी तोच सल्ला येतो: “अमाल्फीला दोन तास पुरे. फोटो काढा, जिलातो खा, पुढे पोझितानो. गावात एक चर्च आहे फक्त, मुलं कंटाळतात.” त्याला लाइक्सही भरपूर. मला हे अजिबात पटत नाही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आज जेमतेम ५,००० वस्तीचं हे गाव एकेकाळी व्हेनिस, पिसा, जेनोवाच्या पंक्तीतलं सागरी प्रजासत्ताक होतं. दहाव्या शतकात इथले व्यापारी कैरोत धंदा करत होते. ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाने गाव लुटलं, १३४३ च्या वादळात किनाऱ्याचा बराच भाग समुद्राने गिळला. चौलचं बंदर आणि आजच्या शांत नारळी-पोफळीच्या वाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता ते “एक चर्च”. त्याचा ब्राँझचा दरवाजा अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतून आणलेला. तळघरात संत अँड्र्यूचे अवशेष आहेत. तेही कॉन्स्टँटिनोपलचेच, पण १२०४ मध्ये क्रुसेडवाल्यांनी ते शहर लुटलं त्यानंतर इथे आलेले. म्हणजे एक वस्तू विकत घेतलेली, दुसरी लुटीच्या पाठोपाठ आलेली. कोहिनूरवरून घरात वाद घालणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, कंटाळतो का ते. शेजारच्या तेराव्या शतकातल्या ओवऱ्यांच्या एकमेकींत गुंतलेल्या कमानी बघून “हे तर अरबी वाटतं” असं मुलं स्वतःहून म्हणतात.

गावाच्या वरच्या अंगाला जुन्या गिरणीत कागदाचं म्युझियम आहे. पाण्यावर चालणारे हातोडे चिंध्या कुटतात, त्या लगद्याचा कागद होतो. १२३१ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सरकारी दस्तऐवजांसाठी कागदावर बंदी घातली, चर्मपत्रच हवं म्हणून. आजच्या “स्कॅन चालणार नाही, ओरिजिनल आणा”चीच ही पणजी.

आणि बंदराजवळ फ्लाव्हिओ जोयाचा पुतळा. होकायंत्राचा शोध लावणारा म्हणून उभा केलेला. अभ्यासकांच्या मते हा माणूस बहुधा झालाच नाही. एका लॅटिन वाक्यातला स्वल्पविराम चुकीच्या जागी वाचला गेला आणि फ्लाव्हिओ नावाच्या इतिहासकाराचा संशोधक झाला! मी सीए आहे, व्हाउचर नसेल तर एंट्री मान्य करत नाही. पुतळा आहे म्हणजे माणूस होता, फॉरवर्ड आलाय म्हणजे खरं आहे, ही सवय मोडायला यापेक्षा चांगला वर्ग कुठे मिळणार?

“त्यांच्या चर्चशी आपला काय संबंध? त्यापेक्षा रायगड दाखवा,” असंही कोणीतरी म्हणेलच. रायगड दाखवाच. पण दगडाला प्रश्न विचारायची सवयच नसलेलं मूल रायगडावरही वायफायच शोधणार. इतिहास म्हणजे फक्त “आपला अभिमान” असं शिकवलं, तर इथे वाढणारी मुलं उद्या सरळ विचारतील, “तो तुमचा इतिहास, आमचा काय संबंध?” तेव्हा आपल्याकडे उत्तर नसेल, कारण दुसऱ्यांच्या इतिहासाबद्दल हेच वाक्य आपणच त्यांना शिकवलेलं असेल.

हिशेबही बघा. विमान, हॉटेल, बोट यांवर हजारो पाउंड घालवायचे आणि म्युझियमच्या तिकिटाशी येऊन “कशाला उगाच खर्च” म्हणायचं, याला काटकसर म्हणत नाहीत.

तेव्हा अमाल्फीत एक रात्र तरी राहा. दिवसभराची गर्दी संध्याकाळी ओसरते. मुलांना आधी एकच काम द्या: “इथलं काय बाहेरून आलंय ते शोधा.” जिलातो त्यानंतर. आणि “दोन तास पुरे” लिहिणाऱ्यांनो, ते दोन तास कुठे घालवलेत तेही कॉमेंटमध्ये लिहा.