बंदुकीचं नाक कापून काय होणार?

गेले काही दिवस एक व्हिडिओ आपल्या तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. अमेरिकेतला एक गडी स्वतःच्या गॅरेजमध्ये रायफल शेगड्यात धरतो, पान्ह्याने नळीच्या तोंडावरचा तुकडा काढतो, दुसरा बसवतो. दहा मिनिटांत काम फत्ते. आणि आपली पोरं म्हणतात, याला म्हणतात स्वातंत्र्य!

आधी हा तुकडा काय ते समजून घ्या. नळीच्या टोकाला आटे असतात, त्यावर तो बसतो. एक प्रकार गोळी सुटतानाची ज्वाला विखुरतो, म्हणजे अंधारात नेम धरणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. दुसरा गॅस बाजूला फेकून खांद्याला बसणारा धक्का कमी करतो. गोळी तीच, घोडा तोच, मरणारा माणूसही तितकाच मरतो.

गंमत म्हणजे अमेरिकेने याच तुकड्यावर कायदा उभा केला. 13 सप्टेंबर 1994 रोजी क्लिंटन यांनी 'असॉल्ट वेपन' बंदीवर सही केली. काही मॉडेलं नावानिशी बंद केली. बाकीच्यांसाठी यादी केली: घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन अडकवायची जागा, ज्वाला लपवणारा तुकडा किंवा त्यासाठीचे आटे, ग्रेनेड लाँचर. मॅगझिन काढता येणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर यातल्या दोन गोष्टी असल्या की ती बेकायदा. कंपन्यांनी काय केलं? तोंडावरचा तुकडा काढला, संगिनीची जागा घासली, मूठ तशीच ठेवली आणि जवळपास तीच रायफल विकायला काढली. पान्ह्याने जे दहा मिनिटांत निघतं, त्यावर देशाची सुरक्षितता टांगली होती. 2004 मध्ये मुदत संपली, तोही कायदा गेला.

याची किंमत कुठे दिसली, तर कनेक्टिकटमध्ये. या राज्याची स्वतःची बंदी होती, तीही अशीच यादी बघून केलेली. 14 डिसेंबर 2012 रोजी सँडी हुक शाळेत 20 लेकरं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. ती रायफल त्या राज्याच्या कायद्यात बसणारी होती! मारेकऱ्याच्या आईने ती रीतसर विकत घेतलेली. बंदुकीचं नाक तपासलं, घरात ती कोणाच्या हाती लागेल हे कोणी तपासलं नाही.

ऑस्ट्रेलियाने वेगळं केलं. 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 माणसं मेल्यावर त्यांनी नाकडोळे मोजत न बसता सेमी-ऑटोमॅटिक रायफलीच सामान्य लोकांच्या हातून काढल्या, सरकारने पैसे देऊन साडेसहा लाखांच्या आसपास हत्यारं परत घेतली. आणि बंदूक हवी तर कारण सांगा, 'स्वसंरक्षण' हे कारण चालणार नाही, असं ठणकावलं.

आता आपल्याकडे या. आपला 1959 चा शस्त्र कायदा या बाबतीत कडक आहे. आवाज किंवा ज्वाला कमी करणारी वस्तूसुद्धा त्याच्या व्याख्येत बंदूकच. परवान्याशिवाय बंदूक बनवणं सोडा, दुरुस्त करणं, बदल करणं हाही गुन्हा, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत. म्हणून पोरांनो, तो व्हिडिओ बघून हात शिवशिवत असतील तर खिशात घाला.

पण म्हणून आपण शहाणे, असं समजू नका. आपला कायदा आधी माणूस बघायला सांगतो. पोलिसांचा अहवाल मागवा, मग परवाना द्या. आणि आपण काय केलं? मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर 2024 मध्ये हत्या झाली आणि मग कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने आहेत. त्यानंतर प्रशासन जागं झालं, शेकडो परवाने रद्द झाले. म्हणजे ते आधीच रद्द करता येत होते! कमरेला पिस्तूल लावून रील टाकणारे, लग्नात हवेत बार काढणारे काय लपून बसले होते? अमेरिकेत कायदाच चुकीच्या जागी बघत होता. आपल्याकडे कायदा योग्य जागी बघतो, फक्त बघणाऱ्याने डोळे मिटलेले.

म्हणून मागणी साधी आहे. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला त्रास देऊ नका. पण आपल्या जिल्ह्यात परवाने किती, कोणत्या कारणासाठी दिले, त्यातल्या किती जणांवर गुन्हे दाखल आहेत, हे आकडे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावेत. नावं नकोत, आकडे द्या. दर वर्षी द्या. पुढाऱ्याचा माणूस असो नाहीतर पाहुणा, गुन्हा दाखल असेल तर परवान्याची फेरतपासणी झालीच पाहिजे.

आपल्याकडे एखादा सरपंच मेल्याशिवाय ही फाईल उघडणार नसेल, तर तसं लेखी सांगा. आम्ही छापतो.