दोष जाकिटाचा नाही


अमेरिकी पोलिसांच्या बुलेटप्रूफ जाकिटांवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. ‘रायफलची गोळी आरपार जाते, म्हणजे जाकीट निकृष्ट’ हा त्यातला निष्कर्ष पटला नाही. रोज अंगात घालायचे केव्हलरचे जाकीट पिस्तुलाच्या गोळीसाठीच बनवलेले असते; त्यातले चांगले .44 मॅग्नमही अडवते. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण 350-400 मीटर वेगाने येते, एआर-15 रायफलची 900 च्या आसपास. धाग्यांच्या थरांना हा वेग झेपत नाही, तिथे सिरॅमिकसारखी कठीण प्लेट लागते. ती जड, शिवाय मान, काखा, मांड्या उघड्याच. पूर्ण पाळीभर ती घालून गस्त घाला, हे खुर्चीत बसून सांगणे सोपे.

सगळे खापर एआर-15 वर फोडणेही बरोबर नाही. हरणाच्या शिकारीची .30-06 रायफलसुद्धा हेच जाकीट भेदते. 2015 मध्ये एआर-15 मध्ये वापरल्या जाणाऱ्या एम855 गोळीवर निर्बंध घालण्याचा अमेरिकी केंद्रीय प्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्या वादात प्रस्तावाच्या विरोधकांचा शिकारीच्या रायफलींबद्दलचा हा मुद्दा तरी बिनतोड होता.

लेखातला 26/11 च्या मुंबई हल्ल्याचा दाखला तर गैरलागूच. मुंबईतल्या एके-47 कुणी दुकानातून विकत घेतलेल्या नव्हत्या.

7 जुलै 2016 ला डॅलसमध्ये रायफलधारी हल्लेखोराने पाच पोलिसांना ठार केले. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक पोलिस खात्यांनी गस्तीच्या गाड्यांत अशा कठीण प्लेट ठेवायला सुरुवात केली. पहिली गोळी सुटताना पोलिस गाडीपासून लांब असेल तर काय, हा खरा प्रश्न. लेखात तो आलेलाच नाही.

– एक वाचक, पुणे