आधी आपला आवाज तपासू या

स्टेजवर अकूस्टिक गिटार अचानक घुमू लागते, तेव्हा दोष बहुतेकदा वाजवण्यात नसतो. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोकळ खोक्यात शिरतो, पिकअप तो पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि हा फेरा वाढतच जातो. अशा वेळी आवाज चढवला तर घुमणंच वाढतं. मॉनिटरपासून बाजूला सरकावं, गिटारचं भोक रबरी झाकणाने बंद करावं, आणि जो सूर घुमतो तेवढाच इक्वलायझरवर उतरवावा. सगळेच सूर कापले तर गिटार मुकी होते.

आडमुठ्या तरुण घोड्याचंही तसंच. लगाम ओढत राहिलं की तोही उलट ओढतो. जाणकार हलका ताण देतो आणि घोडा एक पाऊल वळताच ताण सोडतो. सैल झालेला लगाम हेच त्याचं बक्षीस. घोड्याशी रागाने वागू नये, हे ग्रीक लेखक झेनोफनने सुमारे २४०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय.

'अडेलतट्टू' हा शब्द आपण घरातल्या, मोहल्ल्यातल्या पोरांनाही सहज चिकटवतो. पोरगं एक पाऊल वळतं, तरी आपलं ओरडणं चालूच असतं. मग ते पुन्हा का वळेल? गोंगाटात आपला वाटा किती, हे आधी मोठ्यांनीच पाहायला हवं.