भक्तीची तऱ्हा आणि माणसाचा स्वभाव

दिंडीत पाऊल टाकताच एखाद्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. त्याच्याच सख्ख्या भावाचा जीव त्या गर्दीत गुदमरतो. तो पहाटे देवघरात एकटाच बसतो. घरचे मात्र पहिल्याला भाविक ठरवतात आणि दुसऱ्याबद्दल ‘त्याचं देवाधर्मात फारसं मन नाही’ असे सांगून मोकळे होतात. हा निवाडा घाईचा आहे.

शिक्षणाने डॉक्टर असलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी धार्मिक अनुभवांच्या विविधतेवरील आपले पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध केले. काहींची श्रद्धा मुळातच प्रसन्न असते, तर काही जण दुःख आणि अपराधभाव यांच्याशी झुंजतच तिच्यापर्यंत पोहोचतात, हा फरक त्यांनी मांडला. पुढे बेल्जियमचे वासिलिस सारोग्लू यांनी १९ देशांतील ७१ नमुन्यांची आकडेवारी २०१० मध्ये एकत्र तपासली. धार्मिक माणसे थोडी अधिक मनमिळाऊ आणि शिस्तीची आढळली. बहिर्मुख असण्या-नसण्याचा श्रद्धेशी फारसा संबंध दिसला नाही. म्हणजे अबोल माणूस कमी श्रद्धाळू, या समजाला आधार नाही. अर्थात हे संबंध सौम्य आहेत आणि अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य समाजांतले. माणसांचे सोळा साचे पाडणाऱ्या लोकप्रिय चाचण्यांवरून ‘तुमचा भक्तिमार्ग कोणता’ हे ठरवणे तर निव्वळ करमणूक. त्याच माणसाने तीच चाचणी महिन्याभराने दिली, तर साचा बदलू शकतो.

तल्लीन होण्याची क्षमताही प्रत्येकाची वेगळी. गाणे ऐकताना किंवा सूर्यास्त पाहताना काही जण भान हरपतात, काहींना ते कधीच जमत नाही. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी अमेरिकेतील ख्रिस्ती प्रार्थना-मंडळांत हे तपासले. ही क्षमता अधिक असलेल्यांना प्रार्थनेत देवाचे अस्तित्व, क्वचित आवाजही, अधिक ठळकपणे जाणवत होता. ही माणसे वेडी नव्हती. आणि ज्यांना काही ऐकू आले नाही, त्यांची श्रद्धा कच्ची नव्हती.

आरोग्याच्या दृष्टीने खरा धोका पुढे आहे. भक्ती मोजण्याची एकच पट्टी ठेवली की आजार नजरेतून निसटतो. स्तोत्रातला एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, सोवळ्याला धक्का लागल्याच्या शंकेने चार-चार वेळा अंघोळ, देवाबद्दल मनात आलेल्या वाईट विचाराची दिवसभर क्षमायाचना. घरात याचे कौतुक होते: ‘किती मनापासून करते!’ तिला स्वतःला मात्र त्यात आनंद नसतो, असते ती धास्ती. हा मंत्रचळ असू शकतो, आणि त्याला भक्ती समजून वर्षानुवर्षे उपचार लांबवले जातात.

उलट प्रकारही तितकाच फसवा. वीस वर्षे न चुकता हरिपाठ म्हणणारे आजोबा अचानक थांबतात. जेवणात लक्ष नाही, झोप उडालेली. घरचे म्हणतात, ‘वय झालं, श्रद्धा उडाली.’ आवडत्या गोष्टीतला रस जाणे हे नैराश्याचे प्रमुख लक्षण आहे, आणि ज्याचा जीव हरिपाठात होता त्याच्या बाबतीत ते तिथेच आधी दिसणार. अशा वेळी त्यांची तुलना शेजारच्या भजनी मंडळाशी करून उपयोग नाही, त्यांच्याच गेल्या वर्षीच्या वागण्याशी करावी. दवाखान्यातही झोप आणि भूक विचारतात, तसे ‘पूजा-नामस्मरण पूर्वीसारखं होतं का?’ एवढे विचारायला अर्धा मिनिट पुरते. रुग्णाच्या श्रद्धेविषयी बोलायला आपले डॉक्टर उगाच बिचकतात.

बिचकतात ते घरचेही. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले तर तो देवधर्मच सोडायला लावेल, ही त्यांची भीती. पण मंत्रचळावरच्या वर्तनोपचारात पूजा बंद करायला सांगत नाहीत. स्तोत्र एकदाच म्हणायचे आणि चुकल्याची धास्ती वाटत असली तरी ते पुन्हा न म्हणता पाटावरून उठायचे, याचा सराव करून घेतात.