विश्लेषण : घर गार करण्याआधी सिमेंटचा पत्रा ओळखा, धोका पत्र्यात कमी, ड्रिल-ग्राइंडरच्या धुळीत जास्त

उन्हाळा तोंडावर आला की गावोगावी छताची कामं निघतात. सिमेंटच्या पत्र्याचं घर दुपारी भट्टीसारखं तापतं. मग कोणी आतून पीव्हीसीचं सिलिंग मारून घेतं, कोणी वरून पांढरा रंग देतं, तर कोणी जुना पत्रा काढून नवीन पफ पॅनल टाकतं. घरात म्हातारी माणसं आणि लेकरं असतात, त्यामुळे हा खर्च वाया जाणारा नाही. पण या कामांत जुन्या पत्र्याला भोकं पडतात, तो घासला जातो, नाहीतर फोडला जातो. अडचण तिथंच आहे.

पत्र्यात नेमकं काय असतं?

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यातल्या बहुतेक जुन्या पत्र्यांत सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे धागे असतात. प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. हे धागे पत्र्याला मजबुती देतात. पत्रा स्वस्त, गंजत नाही आणि पावसात टिनासारखा वाजत नाही. म्हणून तो घरावर, गोठ्यावर, कांदाचाळीला, शाळेच्या पडवीला आणि न्हाणीघराच्या आडोशालाही लागला.

पत्रा अखंड असेपर्यंत धागे सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. त्यामुळे अशा घरात राहणाऱ्यांनी घाबरून जायचं कारण नाही. मात्र ड्रिल, ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा हातोडा लागला की बारीक धूळ उडते. त्यातले धागे डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासातून थेट फुफ्फुसात जातात. तिथून ते सहजासहजी निघत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सरला कारण ठरणारे मानले आहेत. फुफ्फुसाचा कॅन्सर, फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आणि फुफ्फुसं कडक होऊन दम लागणं, असे हे आजार आहेत. ते बहुतेक वेळा २० ते ४० वर्षांनी बाहेर येतात. तोवर पत्रा कधी कापला होता, हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो.

खरा मार मिस्त्रीला

घरमालकाच्या घरी असं काम दहा-पंधरा वर्षांतून एकदा निघतं. मिस्त्री आणि फॅब्रिकेशनवाला पोरगा मात्र सीझनभर रोज वेगवेगळ्या छतांवर ड्रिल चालवतो, तेही तोंडाला नुसता रुमाल बांधून. धूळ जितकी जास्त आणि जितकी वर्षं, तितका धोका मोठा. तेच कपडे घालून तो घरी जातो आणि धूळ त्याच्या लेकरांपर्यंत पोचते.

कारखान्यातल्या कामगारासाठी कागदावर तरी संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितल्या. गावच्या मिस्त्रीची नोंद मात्र कुठंच होत नाही.

बंदी का नाही?

युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. अमेरिकेनंही २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा निर्णय घेतला. आपल्या देशात पत्रे बनवणं आणि विकणं कायदेशीर आहे. कच्चा माल बाहेरून येतो, त्यात रशियाचा वाटा मोठा. स्वस्त छताची गरज आहे, कारखाने आहेत, रोजगार आहे; म्हणून प्रश्न पुढं ढकलला जातो. उद्या बंदी आली तरी आज छतावर असलेले पत्रे राहणारच आहेत. ते कसे काढायचे, हा प्रश्न सुटत नाही.

पत्रा कसा ओळखायचा?

नुसतं बघून खात्री होत नाही. हल्ली ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि दिसायला ते सारखेच असतात. पत्र्यावर आयएसआय शिक्का दिसत असेल तर वरचा आकडा वाचा. आयएस ४५९ असेल तर तो ॲस्बेस्टॉसचा पत्रा. शिक्का पुसला असेल आणि पत्रा जुना असेल, तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. तपासायला तुकडा मोडून बघू नका.

काम काढायचंच असेल तर

• पत्रा चांगला असेल तर त्याला हात लावू नका. सिलिंगचा सांगाडा भिंतीच्या आधारानं उभा करा, पत्र्याला भोक नको. मध्ये हवा खेळायला जागा ठेवा.

• वरून वीतभर अंतर सोडून बांबूवर शेडनेट बांधा किंवा मांडव करून दोडका, भोपळा चढवा. ऊन पत्र्यावर थेट पडत नाही.

• रंग द्यायचा तर शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडू नका.

• जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. तो अचानक मोडतो आणि माणूस खाली येतो. फळी टाकूनच चढा.

• पत्रा काढायचा असेल तर आधी स्वच्छ धुतलेल्या फवारणी पंपानं पाणी मारून ओला करा. बोल्ट पान्यानं सोडवा, ग्राइंडर लावू नका. पत्रा अखंड दोरीनं खाली घ्या, वरून फेकू नका.

• रुमाल, उपरणं कामाचं नाही. एन-९५ मास्कही यासाठी पुरेसा धरत नाहीत. पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क घ्या.

• लेकरं आणि जनावरं लांब ठेवा. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कामाचे कपडे न झटकता वेगळे धुवा.

जुने पत्रे टाकायचे कुठं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. कारखान्यातला ॲस्बेस्टॉसचा कचरा २०१६ च्या नियमांत घातक धरला आहे. त्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी केंद्रं आहेत, पण ती मुख्यतः उद्योगांसाठी. गावातून दोन-चार पत्रे तिथं कोण नेणार? म्हणून फुटके तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात, बांधावर नाहीतर गोठ्याच्या भरावात जातात. ट्रॅक्टरच्या चाकाखाली चुरा होऊन धूळ पुन्हा उडते.

घरकुलासाठी जुनं घर पाडताना हेच होतं. हप्ते बांधकामाच्या टप्प्यानुसार येतात; पत्र्यांच्या विल्हेवाटीसाठी वेगळा पैसा नाही.

तोवर पत्रे अखंड रचून, ओले करून, जाड मेनकापडात दुहेरी गुंडाळून लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवणं, एवढंच घरमालकाच्या हातात आहे. पुढचं काम ग्रामपंचायतीचं. गावात अशी किती छतं आहेत ते मोजणं, काढलेल्या पत्र्यांसाठी एक बंदिस्त जागा ठरवणं, मिस्त्र्यांना मास्क देणं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वाहतुकीची लेखी मागणी करणं. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला फार खर्च येत नाही. उन्हाळ्याची कामं सुरू होण्याआधी तो घेतला, तरच उपयोग.