गुरगुरण्याचा अर्थ

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने शेपटीचा आकार पाहिला होता. परंतु तेच शेपूट मागच्या पायांत दाबलेले केव्हा दिसते आणि का दिसते, याचा विचार त्याने केला नसावा. तो विचार करण्याची पाळी आमच्या घरावर आली, त्याची ही हकीकत. वाचकांपैकी ज्यांच्या दारी असा एखादा प्राणी असेल, त्यांना तिचा थोडाफार उपयोग व्हावा.

आम्ही मैसूरला सरस्वतीपुरम भागात राहतो. माझा व्यवसाय भाषांतराचा. २०२२ च्या जून महिन्यात एका प्राणी-आश्रयस्थानातून आम्ही एक कुत्रा घरी आणला. एका ओसाड आवारात तो आखूड साखळीने बांधलेला सापडला होता. उंच, लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ज्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली आणि ज्यांचे चित्र २००५ साली आपल्या टपाल खात्याने तिकिटावर छापले, त्यांची छटा त्याच्या अंगकाठीत स्पष्ट दिसत होती. कोणी तरी त्याचे नाव ‘टायगर’ ठेवले होते. पुढे आम्हांला कळले की, इतके भित्रे जनावर आमच्या पाहण्यात दुसरे नव्हते.

पहिले आठ दिवस तो जेवणाच्या मेजाखाली बसून राहिला. नवव्या दिवशी फाटकाशी छत्री घेतलेले एक गृहस्थ आले, तेव्हा तो अंगावरचे केस ताठ करून असा धावून गेला की, ते बिचारे छत्री तेथेच टाकून रस्त्यापलीकडे गेले. शेजारी येता-जाता विचारू लागले, “नायि कच्चुत्ता?” म्हणजे, कुत्रा चावतो का? आम्ही ‘नाही’ म्हणत असू, पण त्या उत्तराची आमची आम्हांलाच खात्री नव्हती.

येथे माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगणे भाग आहे. तो गुरगुरला की मी त्यास दरडावीत असे. पाहुणे आले की पट्टा धरून त्यांच्यापुढे नेत असे, ओळख झाली की भीती जाईल या समजुतीने. दीड महिन्यात त्याने गुरगुरणे सोडले आणि मी मनाशी म्हटले, शिस्त लागली. ऑगस्टमध्ये माझा मावसभाऊ आला. त्याने वाकून टायगरच्या डोक्यावरून हात फिरविण्यासाठी तो पुढे केला मात्र, एक शब्दही न काढता टायगरने त्याच्या मनगटावर दात रोवले.

जखम आम्ही नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच दिवशी इस्पितळात जाऊन लस टोचून घेतली. टायगरला लस दिलेली होती. तरीही डॉक्टरांनी दिरंगाई केली नाही, आणि दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवण्यास सांगितले. हळद, चुना, मिरची असले काही जखमेत भरू नये आणि रेबीजची लक्षणे दिसण्याची वाट कधीही पाहू नये. कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम दिसण्यात लहान असली तरी हा नियम बदलत नाही.

त्या रात्री घरात बैठक बसली. आमची मुलगी त्या वेळी आठ वर्षांची होती. तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की दयेची भाषा थांबते, आणि थांबलीच पाहिजे. कुत्रा परत करावा, असे माझ्या यजमानांचे मत पडले. माझेही मत त्याच बाजूला झुकले होते. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, तो रागावलेला नाही, भ्यालेला आहे. आमच्या मिरजेकडे असा एक बैल होता. मारल्याने तो सुधारला नाही. आधी डॉक्टरला दाखव, मग काय ते ठरवा.”

जनावरांच्या डॉक्टरांनी प्रथम त्याचे कान, दात, सांधे तपासले. कारण दुखणेकरी जनावरही चावते. दुखणे काही निघाले नाही. मग त्यांनी जे सांगितले, त्याने भाषांतरकार म्हणून मला लाज वाटली. गुरगुरणे म्हणजे राग, असे मी धरून चालले होते. वास्तविक त्या मूळ संहितेचा अर्थ होता, ‘मला भय वाटते, कृपा करून दूर राहा.’ ते वाक्य मी त्याच्या तोंडून काढून टाकले. मग त्याच्यापाशी दातांखेरीज दुसरी भाषा उरली नाही. गुरगुरण्यापूर्वीही तो किती तरी बोलत असतो. मान फिरविणे, ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, डोळ्यांतील पांढरा भाग दिसणे, अंग एकाएकी ताठ होणे, ही सारी त्याची अक्षरे होत.

ही भीती कोठून येते? स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांच्या वर्तनावरील आपला ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध केला. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांची ओळख होण्यास सर्वांत अनुकूल असतो, असे त्यांना आढळले. ज्या पिल्लास त्या काळात माणसाचा सहवास लाभत नाही, त्याला पुढे प्रत्येक अनोळखी मनुष्य संकटासारखा भासू शकतो. त्यात वंशाचा स्वभाव आणि पूर्वी भोगलेला त्रास यांचीही भर पडते.

आणि उपाय? तो मला पुस्तकात सापडण्याआधी राजवाड्याच्या परिसरात पाहावयास मिळाला. मैसूरच्या दसऱ्यास जंबूसवारीच्या दिवशी तोफांच्या एकवीस फैरी झडतात. सुमारे साडेसातशे किलो वजनाची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन हत्ती त्या गडगडाटातही शांत उभा असतो. हे हत्ती नागरहोळे आणि आसपासच्या अरण्यांतील शिबिरांतून येतात. त्यांना सणापूर्वी कित्येक आठवडे आधी शहरात आणतात. प्रथम मोकळ्या पाठीने रस्त्यावरून चालवितात, मग वाळूच्या गोण्या लादतात, वजन क्रमाक्रमाने वाढवितात, नंतर लाकडी अंबारी चढवितात. तोफांचीही तालीम होते. नवखे हत्ती बिचकतात. अनुभवी हत्ती शेजारी असतात, माहूत जवळ असतो. पहिल्याच दिवशी कोणी हत्तीला तोफेपुढे ढकलीत नाही. मी मात्र माझ्या कुत्र्याला पट्टा धरून तोफेपुढेच ढकलीत होते!

याच तत्त्वाचा एक जुना प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला भिणाऱ्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असता पिंजऱ्यातला ससा दूर ठेवीत आणि ते जसजसे निर्धास्त होई, तसतसा तो जवळ आणीत. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला.

आम्ही तेच केले. टायगरला रोज पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, कुक्करहळ्ळी तलावाच्या बाजूच्या रस्त्याने नेऊ लागलो. दूरवर माणूस दिसला, टायगरने त्यास पाहिले, पण अंग अजून सैल आहे, अशा क्षणी त्यास उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा द्यावयाचा. माणूस दिसेनासा झाला की तुकडेही बंद. अंग ताठ झाले, तर अंतर कमी पडले असे समजून मुकाट्याने मागे वळावयाचे. ओरडणे नाही, ओढणे नाही. सुरुवातीस हे अंतर जवळजवळ साठ पावले होते.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. आम्हांला मात्र उलटे शिकावे लागले: वाटी खाली ठेवून आपण मागे सरकावयाचे.

सासूबाईंनी मुसक्याची आठवण करून दिली. मळणीच्या वेळी बैलाला मुसके बांधतात, ते काही शिक्षा म्हणून नव्हे. आम्ही जाळीचे, तोंड उघडून धापा टाकता येतील व पाणी पिता येईल असे मुसके आणले. पंधरा दिवस ते केवळ खाऊची वाटी म्हणून वापरले. मग क्षणभर बांधले, मग मिनिटभर. आज ते पाहताच तो आपण होऊन तोंड पुढे करतो. घरातही नियम ठरले. पाहुणे आले की टायगर आतल्या खोलीत. मुलगी आणि कुत्रा मोठ्या माणसाच्या देखरेखीविना एकत्र नाहीत. तो खात वा झोपलेला असता कोणी हात लावावयाचा नाही. फाटकाला आतून दुसरी कडी.

दीड वर्षाने साठ पावलांची दहा पावले झाली. मध्यंतरी दिवाळीच्या फटाक्यांनी आम्हांस दोन महिने मागे नेले, हेही सांगितले पाहिजे. टायगर आज सर्वांचा मित्र झालेला नाही, आणि तो तसा होईल अशी अपेक्षाही आम्ही सोडून दिली आहे. अनोळखी माणसाने त्याच्या डोक्यावर हात फिरवावा, हे आमच्या घरात कधीच घडणार नाही. प्रत्येक कुटुंबाने असा कुत्रा पाळावा, असेही माझे म्हणणे नाही. ज्या घरी रांगते मूल आहे, वेळ नाही, किंवा माणसे नियमांवर एकमत नाहीत, त्यांनी ‘आम्हांस हे जमणार नाही’ असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. ती जबाबदारीची जाणीवच होय.

गेल्या पावसाळ्यातील एक सकाळ मात्र मनातून जात नाही. फाटकाबाहेर टपालवाले छत्री मिटून उभे होते. टायगर व्हरांड्यात होता. त्याने छत्रीकडे पाहिले आणि हलकेच गुरगुरला. कित्येक महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी त्यास रागावले नाही. “बरं बाबा, कळलं,” असे म्हणून मी त्याला आत घेतले, मग टपाल घ्यावयास गेले. सासूबाई आतून म्हणाल्या, “काय झालं गं?”

“काही नाही,” मी म्हटले, “टायगर पुन्हा बोलू लागला.”